एल.ए. नॉयर: समोरचा खोटं बोलतोय हे दिसतंय, पण बटण कुठलं दाबायचं?

धुक्यातला_घाट

गेमिंगवाले कोणी जागे आहात का? आतेभावाने मला त्याचा पीएस फोर विकला, त्याच्यासोबत काही डिस्क फुकटात आल्या आणि त्यात एल.ए. नॉयर निघाला. मी आजवर क्रिकेट, फुटबॉल आणि गोळीबार एवढंच खेळलोय त्यामुळे हा प्रकार नवीनच आहे मला. १९४७ सालचं लॉस एंजेलिस, आपण कोल फेल्प्स नावाचा पोलीसवाला, युद्धावरून परत आलेला, आणि काम काय तर प्रेताशेजारी उकिडवं बसायचं, खिसे तपासायचे, मनगट धरून हात उलटा करून बघायचा, बाजूला पडलेली काडेपेटी उचलून बोटांत फिरवायची आणि कुठल्या बारचं नाव छापलंय ते वाचायचं. डोकं लावायला मजा येते राव. रात्री जेवण झालं की बसतो ते कधी बारा वाजतात कळत नाही.

अडचण चौकशीची आहे. फेल्प्स प्रश्न विचारतो, समोरचा काहीतरी उत्तर देतो, मग तोंड वाकडंतिकडं करत आपल्याकडे बघत बसतो आणि स्क्रीनवर तीन पर्याय येतात, गुड कॉप, बॅड कॉप आणि अक्यूज. आता नेटवर कुठेही बघितलं तर तिथे ट्रुथ, डाउट आणि लाय असं लिहिलेलं असतं, माझ्या गेममध्ये ते शब्दच नाहीत. मग कुठलं कशाला लावायचं? मी आपला अंदाजाने दाबत सुटतो. ती रेल्वे यार्डातली रक्ताने भरलेली गाडीवाली केस झाली, तिच्यात त्या गायब माणसाच्या बायकोशी बोलताना मला वाटलं बाई काहीतरी लपवतेय, जरा जोर देऊन विचारावं म्हणून बॅड कॉप दाबलं तर हा फेल्प्स एकदम अंगावरच गेला तिच्या. मी दचकलो, बाई पण दचकली. एवढं करून उत्तर चूकच.

तर विचारायचं असं की हे चेहऱ्यावरून ओळखायचं असतं का पुराव्यावरून? एखादा पुरावा सुटला तर केस हातची जाते का, कारण माझ्या केसेस संपतात सगळ्या पण स्टार दोन नाहीतर तीनच मिळतात. आणि ऑफिसात एकजण म्हणाला की होमिसाइड डेस्क, म्हणजे खुनाच्या केसेसचा विभाग, निव्वळ फसवणूक आहे, तिथे येऊन सोडून दे. खरंय का? मी अजून त्याच्या आधीच्या ट्रॅफिक डेस्कवरच आहे, तेव्हा पुढचं फोडू नका प्लीज.

कट्ट्यावरची_जाई

आधी ते नावांचं मिटवून टाकते. गेम पहिल्यांदा मे २०११ मध्ये पीएस थ्री आणि एक्सबॉक्स ३६० वर आला, नोव्हेंबरात पीसीवर, तेव्हा ट्रुथ, डाउट, लाय होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये पीएस फोर, एक्सबॉक्स वन आणि स्विचवर परत काढला तेव्हा नावं बदलली. ट्रुथच्या जागी गुड कॉप, डाउटच्या जागी बॅड कॉप, लायच्या जागी अक्यूज. बाकी उत्तरं तीच. जुनं मार्गदर्शन बिनधास्त वाच, फक्त मनात अदलाबदल कर.

फेल्प्स अंगावर का जातो त्याचीही गोष्ट आहे. संवाद रेकॉर्ड झाले तेव्हा मधला पर्याय फोर्स होता, म्हणजे दमदाटी. ॲरन स्टॅटन, फेल्प्सचं काम केलेला नट, त्याने त्या हिशोबाने आरडाओरडा करून ठेवला. नंतर बटणावर नाव पडलं डाउट. लोकांना वाटायचं आपण जराशी शंका घेतोय आणि हा बाबा एखाद्या म्हाताऱ्या साक्षीदारावर खेकसायचा. तुझ्या आवृत्तीत निदान बॅड कॉप लिहिलंय, तेव्हा दाबताना तयारीत राहा.

आता मुद्द्याचं. चेहरा का पुरावा, तर दोन्ही, पण एकामागून एक. चेहरा तुला फक्त एवढं सांगतो की हा माणूस सरळ बोलतोय का नाही. नजर स्थिर असेल, उत्तर देऊन गप्प बसला असेल तर गुड कॉप. डोळे इकडेतिकडे पळत असतील, आवंढा गिळत असेल, ओठ मुडपत असेल तर गुड कॉप नाही. इथे चेहऱ्याचं काम संपलं. उरलेल्या दोनांतलं कुठलं हे चेहऱ्यावरून कधीच कळणार नाही कारण बॅड कॉप आणि अक्यूज या दोन्हींना माणसं सारखीच चुळबुळ करतात. तिथे फेल्प्सची वही उघडायची, मिळालेले पुरावे आणि जबाब तिच्यात असतात. तो जे बोलला ते खोटं पाडणारी वस्तू किंवा जबाब वहीत असेल तर अक्यूज, नसेल तर बॅड कॉप. लोक याच्यातच गडबडतात, चेहरा बघून हा तर शंभर टक्के खोटारडा म्हणून थेट अक्यूज मारतात आणि दाखवायला हातात काही नसतं.

अजून एक आहे जे गेम नीट सांगत नाही. अक्यूज दाबलं की समोरचा उसळतो आणि उलट काहीतरी बोलतो. ते नीट ऐक. कशाबद्दल पुरावा हवाय ते त्या उसळण्यातच असतं बऱ्याचदा. मग पुराव्याचं पान उघडतं आणि तिथे जुळणारं काहीच दिसलं नाही तर सर्कल दाबून मागे यायचं, फेल्प्स आरोप मागे घेतो, तिन्ही पर्याय परत समोर. काही वजा होत नाही. मी तर शंका असली की आधी अक्यूज दाबून बघते काय म्हणतोय.

तुझी ती गाडीची केस झालीये म्हणून तिचंच उदाहरण देते. यार्डात गाडीपाशी काय काय मिळतं आठव. चष्मा, पाकीट, रक्त लागलेला पाइप आणि जिवंत डुक्कर विकत घेतल्याची पावती. ती पावती बघून तिथेच थांबायला हवं होतं माणसाने. गाडीत एवढं रक्त, मालक ॲड्रियन ब्लॅक गायब, आणि गाडीपाशी डुकराची पावती! पाइपवर कंपनीचं नाव आहे ते नुसतं बघून ठेवून द्यायचं नसतं, कंट्रोलरच्या स्टिकने पाइप हळूहळू फिरवायचा, योग्य बाजू आली की कॅमेरा स्वतःहून जवळ जातो आणि इन्स्टाहीट हे नाव वहीत लिहिलं जातं. मग ब्लॅकच्या घरी पाण्याचा हीटर त्याच कंपनीचा आणि त्याचाच पाइप गायब. घराबाहेर चक्कर मारली नाहीस तर हे दिसतच नाही. बायकोशी आणि त्या मित्राशी, फ्रँक मॉर्गनशी, बोलताना या असल्याच गोष्टी कामाला येतात.

पुरावा सुटला तर केस बुडत नाही. तेवढा एक प्रश्न वहीत येत नाही, तेवढा एक आरोप सिद्ध करता येत नाही, गेम तुला दुसऱ्या वाटेने शेवटाला नेतो आणि स्टार कापतो. स्टार गाडी ठोकल्याचेही जातात, रस्त्यावरचे खांब पाडल्याचेही जातात, ते बघ जरा.

बाकडं_नंबर_तीन

जाईताईंनी पार इस्कटून सांगितलंय, त्यामुळे माझं फक्त +१.

बाकी 'प्रेस एक्स टू डाउट' हा जो मीम दहा वर्षं झाली तरी ग्रुपवर फिरतो तो याच गेमचा बरं का, फेल्प्सचा तो डोळे बारीक केलेला चेहरा. आमच्या ग्रुपवर कोणी "उद्यापासून जिमला जाणार" लिहिलं की हाच फोटो पडतो. अर्ध्या लोकांना माहीतच नाही कुठला आहे.

शंकेखोर

वरचं सगळं वाचलं. जाई यांनी सांगितलेलं बरोबर आहे, प्रश्न असा आहे की एवढं सगळं करून हाती काय लागतं. माझं मत स्पष्ट आहे, हा तपासाचा गेम नाही, तपास चालू असल्याचा फार महागडा देखावा आहे.

घटनास्थळावर पाय ठेवला की हळू आवाजात ते संगीत सुरू होतं. पुराव्याजवळ गेलात की पियानोचा सूर वाजतो आणि कंट्रोलर थरथरतो. सगळं सापडलं की संगीत बंद. म्हणजे शोधायचं काय उरलं? मी तर खोलीत भिंतीला घासत फिरायचो, हातात थरथरलं की बटण दाबायचं. बिअरची बाटली उचलली की फेल्प्स स्वतःच सांगतो याचा काही संबंध नाही, ठेव खाली. मग डोकं कोणी लावलं, मी का त्याने?

चेहऱ्यांचं तेव्हा केवढं कौतुक झालं होतं. मोशनस्कॅन, ३२ कॅमेरे लावून नटांची तोंडं सगळ्या बाजूंनी टिपली, ट्रायबेका फिल्म फेस्टिव्हलमध्ये गेम दाखवला, असा मान मिळालेला पहिला गेम वगैरे वगैरे. मान्य, २०११ साली असं काही बघितलं नव्हतं. पण नटाला खुर्चीत बसवून फक्त डोकं टिपायचं आणि बाकी शरीराची हालचाल वेगळी घ्यायची, त्यामुळे नीट बघा, मान आणि खांदे एकमेकांना ओळखत नसल्यासारखे वागतात. आणि नटांना खोटं बोलतानाचा अभिनय करायला सांगितलंय तो सगळा असा की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळावं. खरा गुन्हेगार असा डोळे फिरवत बसत नाही. त्याला चेहरा वाचणं म्हणायचं?

होमिसाइडबद्दल तुझा ऑफिसवाला बरोबर बोलतोय. पुढचं फोडत नाही, एवढंच सांगतो की गोल्डन बटरफ्लाय नावाची केस येईल. एका बाईचा खून, संशयित दोन. एक तिचा नवरा ह्यूगो मोलर, दुसरा एलाय रूनी नावाचा लहान मुलांच्या बाबतीतला नराधम. दोघांविरुद्ध पुरावे आहेत, कोणाला आत टाकायचं ते तू ठरवायचं. आणि तुझा कॅप्टन डॉनली, त्याला कोण हवाय ते तो लपवत पण नाही. तिथे तू स्वतःच्या डोक्याने निर्णय घे आणि मग स्टार किती मिळतात ते बघ. मला जे सांगायचंय ते तिथे कळेल.

खरंच घटनास्थळ तपासायचं असेल तर रिटर्न ऑफ द ओब्रा डिन हा गेम घे. लुकास पोपचा, २०१८ चा. १८०२ साली निघालेलं जहाज पाच वर्षांनी रिकामं परत येतं, वर ६० माणसं होती, आणि तू ईस्ट इंडिया कंपनीचा विमा तपासणारा. हातात एक घड्याळ, ते प्रेताजवळ उघडलं की त्या माणसाच्या मरणाचा तेवढाच क्षण गोठलेला दिसतो. नाव कोणाचं काय, मेला कसा, मारला कोणी, सगळं तूच शोधायचं. कोणी काही सांगत नाही, सूर वाजत नाही, थरथरत नाही. झोळ्यांवर, म्हणजे खलाशी ज्यात झोपतात त्यांच्यावर, नंबर असतात आणि खलाशांच्या यादीतही नंबर असतात, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी अक्षरशः उठून खोलीत फेऱ्या मारल्या. पायातले बूट, बोलण्याचा हेल, कोण कोणाशेजारी उभा आहे, यावरून माणसं ओळखायची. त्या यादीत हिंदुस्तानातून आलेले खलाशी पण आहेत, लस्कर म्हणायचे त्यांना. तीन माणसांची ओळख आणि शेवट अचूक जुळला की तेव्हाच गेम ती पक्की करतो, त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांत काढलेला आहे सगळा आणि तरी ३२ कॅमेऱ्यांपेक्षा जास्त दिसतं.

कट्ट्यावरची_जाई

शंकेखोर, सेटिंगमध्ये जा. तो सूर बंद करता येतो, थरथर बंद करता येते, संगीत बंद करता येतं. मी पहिल्यांदा सगळं चालू ठेवून खेळले, दुसऱ्यांदा बंद करून, आणि वर ब्लॅक अँड व्हाइटमध्ये, तोही पर्याय आहे. खोली तीच, पण आता टेबलावरची लिपस्टिक नुसती लिपस्टिक आहे का काय हे मलाच ठरवावं लागतं. ओब्रा डिन अफाट आहे, त्यात वादच नाही, मीही फेऱ्या मारल्यात. पण तिथे मेलेली माणसं आहेत. मला जिवंत माणसाच्या समोर बसून त्याला खोटं बोलताना बघायचं असेल तर मी काय करू?

चेहऱ्यांचं म्हणशील तर माझ्या सासूबाई गेम अजिबात खेळत नाहीत, पण मी खेळताना स्वयंपाकघरातून येऊन मागे उभ्या राहतात आणि "हा लपवतोय गं काहीतरी" म्हणतात. आणि लपवत असतोच तो! फक्त काय, तो खून लपवत नसतो. कोणाचं बाहेर लफडं असतं, कोणी दारू प्यायलेला असतो, कोणाला आपली नोकरी जाईल म्हणून भीती. या गेममध्ये निर्दोष माणसंही चुळबुळ करतात, त्यांना वेगळीच भीती असते. हे मला खरं वाटतं. अभिनय जरा भडक आहे हे मान्य.

होमिसाइडचं मात्र मी उलटं वाचते. तुझा तिथला जोडीदार रस्टी गॅलोवे, जुनं खोड, त्याचं एकच तत्त्व, बाई मेली की नवरा नाहीतर यार. कॅप्टनला पेपरात नाव हवंय. वरून दबाव आहे. पुराव्याने फाइल बंद होते पण तुझ्या डोक्यातली खुटखुट जात नाही, आणि ती जाऊ नये असंच लिहिलंय ते. तुला फसवल्यासारखं वाटतं ते फेल्प्सलाही वाटतं. माझी तक्रार वेगळी आहे. बटरफ्लायच्या शेवटी गेम कॅप्टनच्या मर्जीप्रमाणे स्टार देतो. म्हणजे गोष्ट सांगते की ही व्यवस्था सडकी आहे आणि गुणपत्रिका त्याच व्यवस्थेच्या बाजूची. तिथे लेखकांचंच आपसात ठरलं नव्हतं काय करायचं ते.

काळा_कोट

गेम माझा मुलगा खेळतो, मी मागे बसून टोमणे मारतो. आयुष्य कोर्टात गेल्यामुळे दोन गोष्टी लिहितो, मग तुमचं चालू द्या.

पहिली म्हणजे हा हिरो सगळ्या वस्तू उघड्या हाताने उचलतो. पिस्तूल उचललं, फिरवलं, नंबर वाचला, परत ठेवलं. पाकीट उघडलं, कागद काढले. मुलाला म्हटलं, अरे याच्या बोटांचे ठसे सगळीकडे, उद्या बचावाचा वकील याला पिंजऱ्यात उभा करून सोलून काढेल. त्यात गंमत अशी की तपासणीला येणारा जो रे पिंकर दाखवलाय तो काल्पनिक नाही, त्या नावाचा माणूस लॉस एंजेलिस पोलिसांच्या प्रयोगशाळेत खरोखर होता, त्याने हे बघितलं असतं तर कपाळावर हात मारला असता.

दुसरी म्हणजे संशयिताला खोलीत बसवून ओरडणं. त्या वेळी अमेरिकेत "तुम्हाला गप्प राहण्याचा अधिकार आहे" हे सांगायचं बंधनच नव्हतं, तो मिरांडाचा निकाल १९६६ चा. म्हणजे १९४७ मध्ये फेल्प्स वागतो ते तेव्हाच्या मानाने काही जगावेगळं नाही. आपल्याकडे मात्र हा सगळा खटाटोप फुकट. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ होतं, आता साक्ष अधिनियमात कलम २३ आहे, जुलै २०२४ पासून लागू. उपयोग कशाचा, तर आरोपी म्हणाला "सुरा मी विहिरीत टाकला", मग त्याला घेऊन जायचं, दोन पंच सोबत, त्याने जागा दाखवायची, सुरा निघाला की पंचनामा, जप्ती, सील, सह्या. विधानातला तेवढाच भाग चालतो ज्याच्यामुळे ती वस्तू सापडली. जुन्या कायद्यात हे कलम २७ मध्ये होतं, जुन्या लोकांच्या तोंडात अजून कलम सत्तावीसच आहे. असा गेम कोणी मराठी पोराने केला तर मी पहिल्या दिवशी घेईन, अर्धा वेळ पंच शोधण्यातच जाईल त्यात, आणि सापडलेला पंच कोर्टात फितूर होईल.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसाने घटनास्थळी जायचं असं आलंय, राज्यांना ते लागू करायला मुदत दिली आहे. तेव्हा चित्र बदलतंय हळूहळू.

बाकडं_नंबर_तीन

काळा कोट काका, पंच फितूर होईल याला साष्टांग नमस्कार.

माझे दोन बारके प्रश्न. जुन्या लॅपटॉपवर चालेल का हा? आणि एवढा गाजला तर दुसरा भाग का नाही आला?

शंकेखोर

लॅपटॉपवर चालेल, २०११ चा गेम आहे. फक्त पीसीवर तो सेकंदाला ३० फ्रेमला बांधलेला आहे, त्याहून सफाईदार हलत नाही, आणि तिथे जुनीच ट्रुथ, डाउट, लायची नावं आहेत.

दुसरा भाग कसा येणार, बनवणारी कंपनीच राहिली नाही. टीम बोंडाय, ऑस्ट्रेलियात सिडनीची, पैसा आणि नाव रॉकस्टार या प्रकाशक कंपनीचं. २००४ पासून सात वर्षं घासत होते. गेम आला आणि लगेच तिथल्या माणसांनी बाहेर सांगायला सुरुवात केली की रात्री-बेरात्री, शनिवार-रविवार राबवून घेतलं, आणि शंभरावर लोकांची नावं शेवटच्या नामावळीत घेतलीच नाहीत. त्याच वर्षी दुकान बंद. एवढं खोदकाम केलेलं शहर, जुने हवाई फोटो बघून गल्ल्या उभ्या केलेल्या, आणि त्याचं पुढे काही झालं नाही. २०१७ च्या शेवटी सात केसेस घेऊन एक व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून खेळायची, आवृत्ती काढली तेवढीच. माझा गेमवर राग आहे तो यासाठी पण आहे, एवढ्या माणसांची कमर मोडली आणि शेवटी पियानोचा सूर वाजवून पुरावा दाखवायचा.

धुक्यातला_घाट

मंडळी धन्यवाद, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं.

काल सुट्टी होती म्हणून फॉलन आयडलला बसलो, ती कड्यावरून गाडी कोसळलेली नटी जून बॅलर्ड आणि तिच्यासोबत ती पोरगी. गाडीत ते सुकवलेलं नरमुंड सापडतं ना, मी उडालोच, मग कळलं नकली आहे, सिनेमाच्या सामानातलं. जाईताईंनी सांगितलं तसं केलं, प्रत्येक प्रश्नाआधी वही उघडली, आणि अक्यूज दाबून ऐकायचं आणि मागे यायचं हे तर कमालच आहे. बिचारी माणसं उसळतात, मी पान बघतो, नाही सापडलं की माघार. फेल्प्सचीच लाज वाटायला लागली मला जरा, कोणावरही आरोप करतो आणि मागे घेतो. पण बरोबर उत्तरं जवळपास सगळी आली. शेवटचा तो जुन्या सिनेमाच्या लाकडी सेटवरचा पाठलाग पण झकास, खाली फळ्या तुटतायत आणि आपण पळतोय.

सूर बंद करून बघितला, पण अर्ध्या तासाने परत चालू केला. शंकेखोर रागावतील, पण मला एवढ्यात तेवढं झेपत नाही, बाटल्या उचलून उचलून हात दुखले.

आता अजून एक. गाडी चालवून चालवून स्टार जातात माझे, एका केसमध्ये मी फुटपाथवरचा टेलिफोन बूथ पाडला. यावर काही आहे का? आणि ते इन्ट्यूशन पॉइंट, म्हणजे अडलं की मदत घ्यायचे गुण, साठवून ठेवायचे का वापरायचे? माझे पाच झालेत.

कट्ट्यावरची_जाई

पाच झाले की वापर, पाचच्या वर साठतच नाहीत, पुढचा मिळणारा वाया जातो. घटनास्थळी वापरलास तर राहिलेले पुरावे नकाशावर दिसतात आणि चौकशीत वापरलास तर एक चुकीचा पर्याय उडतो. मी घटनास्थळी कधीच वापरत नाही, चौकशीतच, आणि तेही तेव्हा जेव्हा दोन पुरावे सारखेच जुळतायत असं वाटतं.

गाडीचं सोपं आहे. दाराशी ट्रँगल नुसता दाबू नको, दाबून धरून ठेव, म्हणजे जोडीदार चालवतो आणि तू थेट मुक्कामाला पोचतोस. फक्त मग रस्त्यात रेडिओवर येणारे छोटे गुन्हे हातून जातात, असे ४० आहेत, त्यातले काही भारी आहेत. मी जाताना त्याला चालवू देते आणि केसच्या मधे वेळ असला की स्वतः. एखादी मारामारी किंवा पाठलाग जमतच नसेल तर लागोपाठ तीनदा हरलास की गेमच विचारतो की हा भाग सोडून पुढे जायचंय का. निःसंकोच हो म्हण.

आणि हो, घटनास्थळी, कोणाच्या घरात, कुठेही वर्तमानपत्र पडलेलं दिसलं की उचल. १३ आहेत. उचललं की एक छोटा प्रसंग सुरू होतो ज्याचा चालू केसशी काहीच संबंध नाही असं वाटतं. ते सोडलेस तर शेवटच्या आर्सन, म्हणजे जाळपोळीच्या, डेस्कला पोचल्यावर हा डॉक्टर कोण आणि मधेच कुठून आला असं होईल.

काळा_कोट

त्या लाकडी सेटबद्दल एक कुरकुर राहिली. तो ग्रिफिथ या हॉलिवूडच्या दिग्दर्शकाच्या १९१६ सालच्या सिनेमाच्या सेटवरून घेतलाय, खरा सेट १९४७ च्या किती तरी आधी पाडून टाकला होता. मी हे मुलाला सांगितल्यावर त्याने मला टीव्हीपासून लांब बसवलंय.

होमिसाइडला पोचशील तेव्हा एवढं ध्यानात ठेव की त्यामागे खरी पार्श्वभूमी आहे. १५ जानेवारी १९४७ ला लॉस एंजेलिसच्या लायमर्ट पार्क भागात एलिझाबेथ शॉर्ट नावाच्या २२ वर्षांच्या मुलीचं प्रेत सापडलं, पेपरवाल्यांनी तिला ब्लॅक डालिया केलं, आणि ती केस अजून उलगडलेली नाही. गेममधल्या पहिल्या होमिसाइड केसमध्ये प्रेतावर लिपस्टिकने लिहिलेलं दाखवलंय, तसा खूनही त्याच वर्षी फेब्रुवारीत खरा झाला होता. मी तो भाग चालू असताना टोमणे मारत नाही.

शंकेखोर

सूर परत चालू केलास, वाचलं. असू दे.

गोल्डन बटरफ्लाय झाली की इथे लिही, मोलरला आत टाकलंस का रूनीला, आणि का. स्टार किती मिळाले ते नको सांगू, आधी कारण सांग.